मुरलीधरकाकांची एहतियात

आमच्या गल्लीतल्या निम्म्या माणसांच्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, निळ्या बॉलपेनानं काढलेला एक गोल असतो. नव्या भाडेकरूला वाटतं, हा कसलातरी पंथ असावा. पंथ वगैरे काही नाही, आमच्याकडे मुरलीधरकाका आहेत.

काका माझे शेजारी. पंचायत समितीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि काही वर्षांनी सुगंधी तेलांच्या मागे लागले. निलगिरी, लवंग, पुदिना, गवती चहा, आणखी काय काय. विकत नाहीत, फुकट वाटतात. पण वाटण्याआधी माणसाची बाही वर करायला लावतात, तिळाच्या तेलात मिसळलेला एक थेंब कोपराच्या आत टेकवतात, त्याभोवती पेनानं गोल काढतात आणि सांगतात, "उद्या दाखवा. लाल झालं न्हाई तरच बाटली भेटंल." तोवर तेवढा हात भिजवायचा नाही. मी ताडकळसच्या शाळेत मास्तर आहे, रोज एसटीनं जाऊन-येऊन करतो. एकदा फळ्यावर लिहिताना माझी बाही सरकली आणि पोरांनी तो गोल पाहिला. कुणी म्हणालं लस टोचली, कुणी म्हणालं गोंदण. मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं.

'एहतियात' हा काकांचा लाडका शब्द. म्हणजे खबरदारी. त्यांचे वडील निजामाच्या काळात उर्दूतून शिकले, त्यांच्याकडून तो घरात आला आणि काकांच्या तोंडून गल्लीभर झाला. भाजीवाल्याला सुटे पैसे देतानाही ते एहतियात म्हणतात.

दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे "नाव तेल, पण तेल न्हाई." हे सिद्ध करायला ते आपल्याकडेच कागद मागतात. एक थेंब तिळाच्या तेलाचा, एक निलगिरीचा. थोड्या वेळानं निलगिरी उडून जाते, तिळाचा डाग तसाच राहतो. मग काका चष्म्यावरून बघतात. "ज्याचा डाग राहत न्हाई त्याला तेल म्हणावं का? हा अर्क हाय, मास्तर. पोतंभर पाल्याचा चमचाभर. अन् लोक खोबरेल लावल्यासारखं लावायलेत." पहिल्यांदा हा प्रयोग मलाही आवडला होता. पुढे तो माझ्या वीजबिलावर झाला, मेहुणीच्या लग्नपत्रिकेवर झाला आणि सहामाहीच्या एका उत्तरपत्रिकेवरही झाला. त्या पोराला मी डागाची भरपाई म्हणून दोन गुण वाढवून दिले.

खरं सांगायचं तर मी थकलो आहे. परभणीचा उन्हाळा, एसटीचे धक्के, आणि रविवारी दुपारी जरा डोळा लागला की दारावर काकांची थाप. एकदा डास चावतात म्हणून मी मानेला लिंबाच्या सालीचं तेल चोळून भर दुपारी बाजाराला निघालो होतो. काकांना फाटकातच वास आला. त्यांनी मला परत घरात नेलं, मानेला आधी गोडेतेल चोळलं, मग साबणानं धुतलं. नुसत्या पाण्यानं ते निघत नाही म्हणे. हे तेल लावून उन्हात गेलं की कातडी भाजून काळी पडते, असं ते मला घासता घासता समजावत होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसत होती. मी मान पुढं करून उभा राहिलो, हलायला अंगात त्राण नव्हतं.

त्यांच्या एहतियातीनं भांडणंही झाली आहेत. समोरच्या घरी तान्ह्या बाळाला सर्दी झाली, म्हणून आजीनं निलगिरी शिंपडलेला रुमाल त्याच्या उशाशी ठेवला. काकांना कळलं तसे ते चपला न काढता आत शिरले, रुमाल उचलला आणि अंगणात फेकला. एवढ्या लहान जिवाचा श्वास अडकतो त्यानं, डॉक्टरकडं न्या, असं बजावून आले. बाळाला डॉक्टरनं तपासलं, बाळ बरं झालं. पण चपलांचा राग आजीच्या मनातून गेला नाही आणि त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुमनकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, बोलावणं आलं नाही.

ते समजल्यावर मी वैतागून काकूंकडेच गेलो. काका बाजारात गेले होते. यांना जरा आवरा, असं म्हणायचं माझ्या मनात होतं. काकू पाय लांब करून शेंगा फोडत बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शेंगा फोडतच सांगू लागल्या.

लग्न झाल्यापासून काका रोज सांजच्याला त्यांचे पाय चोळून द्यायचे. तिळाचं तेल कोमट करून. त्या काळात नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय, सासूबाई तोंड फिरवून बसायच्या. पण काकांनी कुणाचं ऐकलं नाही. पुढे गुडघा धरायला लागला. काकांनी कुठंतरी वाचलं की दालचिनीचं तेल चांगलं. बाटली आणली.

"तेल म्हणलं की आपुन काय करतो? तळहातावर घेतो अन् चोळतो. ह्यांनी बी तसंच केलं," काकू म्हणाल्या. "कातडी निघून आली, मास्तर. लुगडं टेकलं तरी जीव जायचा."

मी समोरची एक शेंग उचलून फोडायला लागलो.

"मी काय रागावले न्हाई. पर त्यांनी हात पुढं केला की पाय आपोआप मागं जायचा. मी लय आवरायची, तरी जायचाच. मग त्यांचं तोंड उतरायचं. एक दिवस त्यांनी हात पुढं करायचाच सोडला. आता गल्लीभर लोकायचे हात तपासायलेत."

घरी येताना मला फार वाईट वाटलं. आपण ज्याला खुळा म्हणून हसत होतो, तो पोळलेला माणूस होता. तरी पुढच्या रविवारी थाप पडली तेव्हा मी कपाळाला हात लावलाच. कळलं म्हणून झोप थोडीच पुरी होते.

यंदा थंडी जोरात पडली. एका संध्याकाळी काकांनी कुंपणावरून मला हाक मारली. देवापुढं दिवा लावायला बसलेल्या काकूंना उठताच येत नव्हतं. आम्ही दोघांनी धरून त्यांना पलंगावर बसवलं. म्हणजे पायाकडून मी धरलं. काकांनी दंड धरला, पण पायाकडं गेले नाहीत. सकाळी हाडाच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरलं. काकू डोळे मिटून कण्हत होत्या आणि काका दारात, हात पाठीमागं बांधून, उभे होते. शाळेत शिक्षा झालेलं पोर उभं राहतं तसे.

जरा वेळानं काकू म्हणाल्या, "तिळाचं तेल आणा. नुसतं. तुमच्या बाटलीतलं काई घालू नका."

काकांनी तेल कोमट करून वाटीत आणलं. आधी स्वतःच्या मनगटावर लावलं, वास घेतला, पुन्हा लावून बघितलं. मग ती वाटी माझ्यापुढं धरली. "मास्तर, तुमी लावा. तुमचा हात चांगला हाय."

"मास्तर घरी चाललेत," काकू म्हणाल्या.

काका खाली बसले. हात पुढं केला आणि पाय हलला, थोडासा, मागं. काकांनी हात आखडता घेतला. तेव्हा काकूंनी दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट धरली आणि पाय स्वतःहून पुढं केला, काकांच्या मांडीवर ठेवला.

मी चपला शोधत होतो. दिसत होत्या, पण पायात जात नव्हत्या. काकांची बोटं गुडघ्यावरून इतकी हळू फिरत होती की तेलसुद्धा जागचं हलत नसावं.

"जोरानं दाबा," काकू म्हणाल्या. "मी काय मोडायची न्हाई."