डावीकडे ढकला, उजवीकडे निघेल

वायर ओळखायला मला चष्मा लागत नाही. तरुणपणी मी बिघडलेला रेडिओ नुसता दटावून सुरू करत असे. पुढे पुढे तर आजूबाजूच्या तीन गल्ल्यांतले रेडिओ माझ्या खोकण्यानंच ताळ्यावर यायचे. त्यामुळे सूनबाईंच्या टेबलावर लॅपटॉप, दोन मॉनिटर आणि त्या सगळ्यांना जोडणारी डॉकिंग स्टेशन नावाची चपटी डबी आली, तेव्हा मी म्हटलं, "मेकॅनिक कशाला? मी आहे ना!"

त्या दिवशी अकरा वाजता सूनबाईंना घरूनच, व्हिडिओ कॉलवर, वरिष्ठांपुढे आपलं काम मांडायचं होतं. जमलं तर विभागप्रमुख, नाहीतर आणखी तीन वर्षं त्याच खुर्चीत.

दहा मिनिटांत मी सगळं उजळवलं. मधे लॅपटॉप, दोन्ही बाजूंना मॉनिटर, जणू मंत्री आणि त्याचे दोन अंगरक्षक! खोट एकच होती. माउसचा बाण डावीकडे ढकलला, की उजव्या मॉनिटरवर निघायचा. मी डबीतल्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि खूण म्हणून एकीला लाल चिकटपट्टी लावली. झालं काम.

आता, आमच्या घरात एक शिस्त आहे. भांडणं नकोत म्हणून दुसऱ्याची चूक दिसली तरी बोलायचं नाही, गुपचूप सुधारून टाकायची. बाणाबद्दलचं माझं पुटपुटणं चिरंजीवांनी अंघोळ करताना ऐकलं होतं. मी चहाला गेल्याचं पाहून त्यांनी सेटिंगमध्ये डावं-उजवं बदलून टाकलं. म्हणजे परत उलटं. मग बायकोनं टेबल पुसता पुसता बाण हलवून पाहिला आणि, यांनी घातलाच घोळ, असं मनाशी म्हणत वायरी बदलल्या. म्हणजे सुलटं. अकराला पाच कमी असताना मी शेवटची पाहणी केली. लाल चिकटपट्टीची वायर मी खोचली होती तिथे नव्हतीच! मी ती मुकाट्यानं जागेवर नेली.

आता बाण उलटा आहे की सुलटा, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

अकरा वाजता उजव्या मॉनिटरवरचे तक्ते वरिष्ठांना दिसू लागले. सूनबाईंचं खासगी टिपण लॅपटॉपवर उघडं होतं. ते बाजूला असावं म्हणून त्यांनी डावीकडे सरकवलं, ते थेट उजवीकडे तक्त्यांच्या छाताडावर जाऊन बसलं. त्या ओढताहेत, पण ते पालीसारखं कडेला चिकटलेलं, हलेना!

मोठ्या साहेबांनी ते सावकाश, मोठ्यानं वाचलं.

"मोठे साहेब डोळे मिटतील. झोपलेत असं समजायचं नाही, विचार करताहेत असं समजायचं. अवघड प्रश्न आला तर म्हणायचं, फार छान मुद्दा, यावर समिती नेमू. समिती नेमली की पुढे कुणी विचारत नाही."

दाराआड आम्ही तिघं कान लावून उभे. एकमेकांकडे बघायची कुणाची छाती होईना.

"बाई," साहेब म्हणाले, "हे कळायला मला वीस वर्षं लागली. तुम्ही तर सहा वर्षांत शिकलात. विभाग तुमच्याकडेच द्यायला हवा."

मी शाबासकी घ्यायला आत शिरणार, तोच साहेबांनी विचारलं, नव्या जबाबदारीसाठी आणखी काही लागेल का?

"हो सर. घरून काम नको, ऑफिसातच एक खोली द्या," सूनबाई म्हणाल्या. मग दाराकडे एकवार पाहून पुढे म्हणाल्या, "आतून कडी असलेली."