तारेचे तीन वेढे

रविवारी सकाळी सातच्या सुमारास रामकिसन भिजवलेल्या हरभऱ्यांची, म्हणजे चंदीची बादली घेऊन प्लॉटवर पोचला, तर फाटक सताड उघडं! पाण्याची कुंडी जागेवर होती, लिंबाचं झाड जागेवर होतं, घोडी तेवढी नव्हती. फाटकाची तार एका बाजूला लोंबत होती. रामकिसननं बादली खाली ठेवली, परत उचलली आणि लिंबाच्या मागं वाकून बघितलं. एवढी थोरली घोडी लिंबामागं मावते कशी, पण घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार!

घोडीचं नाव चिमणी. ती मूळची रामकिसनच्या थोरल्या भावाची, देवगाव रंगारीच्या सांडूभाऊंची. गावातले निम्मे नवरदेव तिच्याच पाठीवर बसून मारुतीला गेले होते. पुढं सांडूभाऊंचे गुडघे गेले. त्याच सुमारास रामकिसन वाळूजच्या कंपनीतून रिटायर होऊन पुंडलिकनगरात घरी बसला होता आणि दिवसभर बायकोला स्वयंपाक शिकवत होता. चिमणी आली आणि दोघंही सुटले. मुलाच्या घरासाठी घेतलेल्या रिकाम्या प्लॉटवर चिमणी राहू लागली आणि रामकिसनला पहाटे उठायला कारण मिळालं. त्याचा तिच्यावर फार जीव होता.

तिला बांधून घालणं त्याला आवडत नसे. चारी बाजूंनी भिंत, पुढं पत्र्याचं फाटक आणि फाटकाला तार. रोज संध्याकाळी तो मोजून तीन वेढे देई. तरीसुद्धा चिमणी दोनदा सुटली होती. पहिल्यांदा ती शेजारच्या अप्पारावांच्या बागेत शिरून गुलाब खाऊन आली. दुसऱ्यांदा चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या मांडवात जाऊन तिनं ओटीचे भिजवलेले हरभरे संपवले, आणि वर कैरीची डाळ हुंगून नाक मुरडलं.

अप्पाराव म्हणजे कचेरीत रेकॉर्ड सांभाळून निवृत्त झालेला माणूस. कागदाशिवाय त्यांना शिंकसुद्धा येत नसे. त्यांनी कॉलनीसमोर रामकिसनकडून लिहून घेतलं, ‘घोडी तिसऱ्यांदा सुटल्यास त्याच दिवशी टेम्पोत घालून गावी पाठवीन.’ खाली सही. तिकडं सांडूभाऊंनी आधीच सांगून ठेवलं होतं, “आता माझ्याच्यानं होत नाय बाबा. माघारी आली तर बाजार दाखवावा लागंल.”

आणि आज ही तिसरी वेळ.

रामकिसननं घरी फोन लावला. त्याची बायको केसरबाई पाचव्या मिनिटाला प्लॉटवर हजर झाल्या.

“तीन वेढे दिल्ते मी. सोताच्या हातानं!” रामकिसन म्हणाला.

“मागच्या दोन्ही टायमाला असंच म्हणला होतात.”

“आगं, मोजून दिल्ते.”

केसरबाईंनी लोंबती तार हातात घेऊन बघितली, आणि तेच त्याला जास्त लागलं. घोडी दुसऱ्यांदा सुटल्यापासून त्या त्याच्या मागोमाग जाऊन गॅसची कळ बघत होत्या. स्कूटरची किल्ली त्यांनी स्वतःच्या कमरेला खोचली होती. पुण्याहून पोरगा फोनवर म्हणाला होता, “बाबा, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या.” खरं सांगायचं तर आता रामकिसनलाही स्वतःचा भरवसा वाटेना. वेढे दिले होते की नुसते द्यायचे मनात आले होते?

“तुमी जा हुडकायला,” केसरबाई म्हणाल्या. “म्या हितंच थांबते. आली तर कोंडते. आन् अप्पारावाच्या कानावर जाऊ देऊ नका, नायतर टेम्पो आलाच समजा.”

रामकिसन बादली घेऊन निघाला. आता घोडी हुडकायची, पण घोडी म्हणायचं नाही, ही मोठी पंचाईत. कोपऱ्यावर भाजीवाली सरूबाई पाटी मांडून बसली होती.

“सरूबाई, इकडून काही गेलं का?”

“काही म्हंजी?”

“म्हणजे... जरा मोठं. चार पायांचं.”

“घोडी म्हना की सरळ! मेथीच्या चार जुड्या खाऊन गेली भवानी. तिकडं बँड वाजायला लागला तशी ताठ झाली आन् चालली ठुमकत. मला वाटलं, बलावणंच हाय तिला.”

बँड! चिमणीचं अर्धं आयुष्य बँडमागं गेलेलं. माहेरची हाक ऐकावी तशी ती गेली असणार. तो मंगल कार्यालयाच्या दिशेनं पळत सुटला.

कार्यालयाच्या दारात वेगळाच तमाशा चालू होता. बजाजनगरचं वऱ्हाड होतं. नवरदेवाच्या परण्या निघायच्या होत्या, म्हणजे घोड्यावर बसून, वाजतगाजत कॉलनीतल्या मारुतीला जाऊन नमस्कार करायचा आणि मग मांडवात यायचं. नवरदेव विश्वजीत बाशिंग बांधून तयार होता. फकिरा बँडमास्तरनं दोन गाणी वाजवून संपवली होती. फक्त घोड्याचा पत्ता नव्हता.

घोड्याचं काम नवरदेवाच्या मामाकडं होतं. मामानं महिनाभर सगळ्यांना सांगितलं होतं, “घोड्याचं माझ्यावर सोडा, माझ्या वहीत आहे.” वहीत होतंच. फक्त घोडेवाल्याला सांगायचं राहून गेलं होतं. आता मामा खांबाआड उभा राहून फेट्याच्या शेवटानं घाम पुसत होता आणि नवरदेवाची आई भागूबाई दर दोन मिनिटांनी विचारत होती, “अप्पा, घोडा कुठंय रे?”

होय, मामा म्हणजे आपले अप्पाराव. आणि एवढ्यात रस्त्यावरून, कुणीही न बोलावता, मेथीची काडी चावत चिमणी आली. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती सरळ विश्वजीतच्या शेजारी जाऊन मान खाली घालून उभी राहिली.

“आला की घोडा!” बायका ओरडल्या. कुणीतरी मांडवातली सतरंजी तिच्या पाठीवर टाकली, कुणीतरी गळ्यात झेंडूची माळ घातली. माळेतली चार फुलं तिनं तिथंच खाल्ली.

“अरे वा मामू!” फकिरा खूश होऊन म्हणाला. “ये तो बजाने के पहलेच नाचरी!”

त्याच क्षणी रामकिसन बादली घेऊन धापा टाकत पोचला. समोर चिमणी, चिमणीशेजारी अप्पाराव. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांचेही चेहरे उतरले.

“तुम्हीच का घोडेवाले?” भागूबाई कडाडली. “ही काय येळ हाय? पोराचं लगीन उद्या लावायचं का?”

रामकिसननं तोंड उघडलं, पण अप्पाराव आधी बोलले, “व्हय, व्हय ताई, हेच आपले घोडेवाले. गर्दीत अडकले असतील. बोललो होतो ना, वहीत आहे!”

मग त्यांनी रामकिसनला खांबाआड ओढलं. “रामकिसनराव, घोडा सांगायचाच राहिला, इज्जतीचा सवाल आहे. मारुतीपर्यंत न्या तेवढं. ताईला कळलं तर जन्मभर ऐकवील.”

“न्हेतो की. मग त्या कागदाचं काय?”

अप्पारावांनी घसा साफ केला. “कागद कागदाच्या जागी. उपकार वेगळा, कायदा वेगळा. घोडी सुटली हे तर डोळ्यांनी दिसतंय. टेम्पोवाल्याला मी ती दिसताच फोन केलाय, चारला येईल.”

“म्हणजे घोडा सांगायचा इसरलात, टेम्पो सांगायचा नाय?”

यावर अप्पाराव फेटा सारखा करत लगबगीनं पुढं गेले.

रामकिसनला असा संताप आला की तिच्या तोंडाची म्होरकी धरून चिमणीला तडक घरी न्यावं. बसू दे मामाला नवरदेवाखाली घोडा होऊन! पण विश्वजीतनं बाशिंगातून त्याच्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, “काका, पाडत नाय ना ही? मी कधी बसलो नाय.” रामकिसनचा राग विरघळला. पोराचा काय दोष? “घट्ट बस, बाळा,” तो म्हणाला. “आमच्या गावचे लई नवरदेव न्हेलेत तिनं. एकबी पडला नाय.” आज शेवटचं तिला वाजतगाजत मिरवू दे, असं म्हणून त्यानं डोळे पुसले आणि म्होरकी हातात घेतली. लग्नात बादली शोभत नाही म्हणून कुणीतरी ती आचाऱ्याकडं नेऊन ठेवली. आचाऱ्यानं त्यातले भिजवलेले हरभरे उसळीत घातले आणि ती उसळ वऱ्हाडाला फार आवडली, हे नंतर कळलं.

परण्या झोकात निघाल्या. चिमणी अशी ठुमकत होती की फकिराच्या वाजंत्र्यांना तिच्या ठेक्यावर वाजवावं लागलं. प्लॉटची गल्ली आली. तिथून सरळ गेलं की मारुती.

इकडं प्लॉटवर केसरबाईंचा धीर सुटत चालला होता. चिमणीला नावानं हाक मारून उपयोग नसे, शिट्टी तिला कळत नसे. बादली वाजली की मात्र ती असेल तिथून येई. पण बादली तर रामकिसन घेऊन गेलेला. केसरबाईंनी इकडं तिकडं पाहिलं, तर भिंतीच्या कोपऱ्यात एक स्टीलची बादली. वर गोणपाट झाकलेलं आणि आत निम्मी लीद भरलेली. ही कुठून आली, याचा विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी लीद ओतून टाकली, दगड घेतला आणि बादली बडवायला सुरुवात केली.

ठण्! ठण्! ठण्!

बँडच्या गलक्यातसुद्धा चिमणीचे कान उभे राहिले. तिनं मारुतीकडं पाठ फिरवली आणि गल्लीत वळली.

“काका! काका!” विश्वजीत आयाळीला लोंबकळला. रामकिसन म्होरकीला लोंबकळला. बँडला वाटलं रस्ता बदलला, म्हणून तोही वाजवत वळला. बँडमागं नाचणारी पोरं, त्यांच्यामागं बायका, शेवटी अप्पाराव, “अहो तिकडं नाही, तिकडं नाही!” करत. सगळी वरात पत्र्याच्या फाटकातून आत शिरली आणि चिमणीनं केसरबाईंच्या हातातल्या बादलीत तोंड घातलं. बादली रिकामी बघून तिनं जोरात फुरफुर केली.

“आगं बया!” केसरबाईंनी बाशिंगवाला स्वार बघितला. “हे कोण आणलं हिनं?”

पण भागूबाईचं लक्ष नवरदेवाकडं नव्हतं. ती बादलीकडं टक लावून बघत होती. मग पुढं येऊन तिनं बादली फिरवली आणि कोरलेली अक्षरं मोठ्यानं वाचली, “‘चि. अप्पाराव यास वास्तुशांतीनिमित्त ताईकडून सप्रेम भेट.’ अप्पा, ही तर माझी बादली! वास कसला येतोय, हिच्यात काय होतं ओ?”

“लीद,” केसरबाई म्हणाल्या.

बँड बंद पडला. अप्पारावांनी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. “गुलाबांना लागते थोडीशी,” ते पुटपुटले. “रविवारी पहाटे घेतो. तशी वाया जाते. आज बादली भरता भरता आठवलं, कार्यालयात लवकर बोलावलंय. म्हटलं, बादली संध्याकाळी नेऊ.”

“आन् फाटक?” रामकिसननं विचारलं.

“लावलं होतं की! दर वेळी लावतो. तारेला चांगला एक वेढा देतो मी.”

“एक?”

“एक पुरत नाही का?”

पहिल्या दोन्ही वेळीही रविवारच होता, हे केसरबाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. रामकिसन चिमणीच्या मानेला टेकून उभा होता. त्याचं घोडीकडं लक्ष नव्हतं, अप्पारावांकडं तर नव्हतंच. “मी इसरलो नव्हतो,” तो स्वतःशीच म्हणाला. “केसर, मी इसरलो नव्हतो गं.”

“माझ्या स्टीलच्या बादलीत लीद!” भागूबाईनं भावाला धरलं. “आन् वरून या बिचाऱ्याकडून लिहून घेतलंस?”

“ताई, मुहूर्त...” अप्पाराव म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच बरोबर गोष्ट आठवली होती. फकिरानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं, वरात फाटकातून बाहेर पडली, मारुतीला नमस्कार झाला आणि लग्न वेळेवर लागलं. विश्वजीत पडला नाही.

चार वाजता टेम्पो आला. सकाळी एवढं सगळं होऊनही टेम्पो दारात बघून रामकिसननं चिमणीची म्होरकी घट्ट धरली. कायद्याचा माणूस, काही सांगता येत नाही! पण ड्रायव्हरनं फाळका पाडला, तर आत हिरवागार लसूणघास काठोकाठ भरलेला.

“सायबांचा दुसरा फोन आला,” ड्रायव्हर म्हणाला. “म्हणले, घोडी न्यायची नाय. रिकामा कामून येतो, घास भरून आण.”

मागून अप्पाराव आले. अंगावर अजून लग्नातला झब्बा, हातात प्लास्टिकची नवी बादली. त्यांनी खिशातून तो सहीचा कागद काढला आणि चार तुकडे केले.

“गैरसमज नको,” ते जमिनीकडं बघत म्हणाले. “लीद चांगली हवी तर घास चांगला पाहिजे. आणि... चुकलं माझं, रामकिसनराव.”

“फाटक लावा आधी,” केसरबाई म्हणाल्या.

अप्पारावांनी तार घेतली. “एक,” रामकिसननं मोजलं. “दोन. तीन.” तिसऱ्याला अप्पारावांनी तार ओढून बघितली आणि मान डोलावली.

केसरबाईंनी कमरेची स्कूटरची किल्ली काढली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली. “जावा,” त्या म्हणाल्या, “सरूबाईला मेथीचे पैसे देऊन या. आन् येताना हरभरे आणा, सकाळचे तर वऱ्हाडानं खाल्ले.”