वर्तकचे पुढचे शॉकअप

सिडनीतल्या आमच्या ब्लॅकटाउनच्या गल्लीत लोक मागच्या अंगणात कपडे वाळत घालतात. माझा शेजारी वर्तक मोटरसायकल वाळत घालतो. अख्खी नाही, फक्त पुढचे शॉकअप. दोरीवर दोन लांब पाइप, दोन स्प्रिंगा आणि मधोमध स्वतःचा एक बनियन. लॉकडाउन लागल्यावर पलीकडच्या ग्रीक आजीने मला कुंपणापाशी गाठून काळजीने विचारलं, "युअर फ्रेंड, ही इज ओके?" मी म्हटलं, "नो वरीज. तो आधीपासून असाच आहे."

वर्तक मूळचा पुण्याचा, नोकरी पॅरामॅटाच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर. गाडी त्याच्या सासऱ्यांची. सासरे गेल्यावर सांगलीच्या सासूबाईंनी ती जावयाला दिली आणि म्हणाल्या, "यांची फार लाडकी होती. चालती ठेवा." या गृहस्थाने ती जहाजातून थेट सिडनीला आणली! त्याची बायको माधवी म्हणायची, "माझं लोणचं एअरपोर्टवर काढून घेतलं, आणि हे धूड बरं आत सोडलं."

इंजिन ठणठणीत होतं. दुखणं सगळं पुढच्या शॉकअपमध्ये. पाइपांना गंज, सील फाटलेली, तेल गळून चाकावर. ब्रेक मारला की गाडी पुढच्या पुढे साष्टांग नमस्कार घालायची.

माधवी माहेरी गेलेली, घरात एकटाच असल्यामुळे वर्तकने स्वयंपाकघराचाच कारखाना केला. जुनं तेल पोह्यांच्या कढईत काढलं. नवी सील चहाच्या पातेल्यात, गरम पाण्यात नरम केली. दोन्ही पाइपांत तेल अगदी सारखं पडावं म्हणून खोकल्याच्या औषधाचं माप वापरलं. त्या दिवसांत त्याच्याकडचा चहा मी हात जोडून नाकारत असे. दसऱ्याला तर कहर केला. गाडीला ना चाक ना हँडल, पूजा कशाची करणार? पठ्ठ्याने दोन्ही शॉकअप पाटावर आडवे मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली आणि कुंपणावरून मला आरती म्हणायला लावली.

"अरे, दसऱ्याला शॉकअपची कसली आरती?"

"तू म्हण रे. पुण्य लागेल."

झाली का गाडी, असं कुणीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं. "झालीच. फक्त फिनिशिंग बाकी." हे फिनिशिंग म्हणजे काय, ते मला एका शनिवारी कळलं. गाडी खरोखरच उभी होती. वर्तकने ब्रेक धरून हँडल दाबलं. पुढचा भाग सावकाश खाली गेला, सावकाश वर आला. तेलाचा एक थेंब नाही. मी टाळ्या वाजवल्या. "वा रे वाघा! मार आता एक चक्कर!"

वर्तकने खाली वाकून कान लावला. "डावीकडून बारीक आवाज येतोय."

सोमवारी पाइप पुन्हा दोरीवर! माझं डोकंच फिरलं. "आवाज गाडीतून नाही, तुझ्या डोक्यातून येतोय," मी ओरडलो. तो नुसता हसला आणि बनियन उलटा करून पुन्हा वाळत घातला.

माधवी या सगळ्या काळात सांगलीला होती. लॉकडाउनच्या थोडं आधी तिच्या आईची तब्येत बिघडली. तिकिटं दोघांची काढली होती. पण गाडीचे पाइप नेमके तेव्हा क्रोम करायला दिलेले, पुढच्या आठवड्यात मिळणार होते. वर्तक म्हणाला, "तू हो पुढे. पाइप आले की बसवतो, आणि आईंना दाखवायला चालत्या गाडीचा व्हिडिओ घेऊनच येतो." माधवी गेली. पाइप आले. आणि देशाच्या सीमा बंद झाल्या. वर्तकने देशाबाहेर जायची सरकारी परवानगी पुन्हा पुन्हा मागितली. ती मिळायच्या आत तिकडे दुसरी लाट आली आणि सासूबाई गेल्या. माधवीने सगळं एकटीने केलं. वर्तकने ते गॅरेजमध्ये उभं राहून फोनवर पाहिलं.

त्यानंतर एकदा, कुंपणाच्या दोन बाजूंना आम्ही उभे असताना, मी त्याला सरळच विचारलं, "अरे, किती वेळा उघडणार आहेस? जोडून टाक ना एकदाची."

स्प्रिंग पुसता पुसता तो म्हणाला, "जोडली की संपलं रे. म्हणजे मी एवढ्यासाठीच मागे थांबलो होतो. दोन पाइप आणि दोन सील. काम अजून चालू आहे म्हटलं, की निदान मोठं काम होतं असं तरी वाटतं."

मला फार वाईट वाटलं. मी कुंपणावरून दुसरी स्प्रिंग मागून घेतली आणि पुसायला लागलो.

सीमा उघडल्या तशी माधवी परत आली. पहिल्या दिवशी स्वयंपाकाची दगदग नको म्हणून मी डबा घेऊन गेलो, तर दोघं गॅरेजमध्ये. ती चांगलीच वाळली होती. गाडी पुढून उघडी, विटांवर टेकवलेली. वर्तक मान खाली घालून उभा.

"नाही झाली?" माधवीने विचारलं.

"नाही."

"आई रोज विचारायची, यांच्या गाडीचं काय झालं म्हणून."

वर्तकने विचारलं, "मग तू काय सांगायचीस?"

"झाली म्हणून सांगितलं. रोज ऑफिसला घेऊन जातात म्हटलं. काय खूश झाली होती!" माधवीने डोळे पुसले, पदर नव्हता म्हणून टीशर्टच्या बाहीला. मग खालचा एक पाइप उचलून तिने त्याच्या हातात दिला. "बसव आता. आईपुढे मला खोटं पाडू नकोस."