अकरा वेळा आराम

आमच्या नौबादेत दोन माणसं समोरासमोर आली की एक म्हणतो, ‘‘आराम?’’ दुसरा म्हणतो, ‘‘आराम.’’ मग दोघं आपापल्या वाटेनं जातात. कानडी बोलणारा असो, मराठी असो की दख्खनी, शब्द एकच. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं आणि देणारा ते विचार करून देत नाही. अंगात ताप असलेल्या माणसाला दवाखान्याच्या पायरीवर ‘‘आराम’’ म्हणताना मी स्वतः ऐकलंय.

याला अपवाद एकच, माझा शेजारी वैजनाथ.

त्याला ‘‘आराम?’’ म्हटलं की तो थांबतो. क्षणभर डोळे मिटून आत कुठंतरी बघून येतो आणि मग सांगतो, ‘‘डावा गुडघा दुखायलाय, अण्णा. पोट ठीक हाय. झोप चार तास. काल बायकोला वाकडं बोललो, ते अजून मनात घोळायलंय. बाकी चालू हाय.’’

तोवर माझ्या हातातली दुधाची पिशवी घामेजून गेलेली असते. माझी बायको म्हणते, ‘‘वैजनाथला आराम विचारायचा असंल तर चहा पिऊनच जावा.’’

गल्लीत सगळे त्याला टाळतात. मी टाळत नाही, कारण माझी जातकुळी त्याच्याहून फार वेगळी नाही. मी सांख्यिकी खात्यात आहे. तालुक्यातल्या शेळ्या, बोअर आणि आंब्याची झाडं मोजण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. माझ्या फाटकापासून किराणा दुकान एकसष्ट पावलांवर आहे, आणि परत येताना त्रेसष्ट भरतात, याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. असा माणूस ‘झोप चार तास’ ऐकून सुखावतो. सामाईक भिंतीच्या दोन बाजूंना देवानं आम्हांला नेमून ठेवलंय, असं बायकोचं मत आहे.

वैजनाथ घरी बसून हैदराबादच्या एका कंपनीचं काम करतो. नेमकं काय करतो, हे मी त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा कळलं.

‘‘असं बघा, अण्णा,’’ तो म्हणाला. ‘‘कंपनीच्या शंभर सेवा हायत, म्हंजी संगणकावरचे लहान लहान प्रोग्राम. कुणी बिल काढती, कुणी निरोप धाडती. त्या क्लाउडवर राहतात, म्हंजी भाड्याच्या घरात. आज हितं, उद्या तिथं. पर एकमेकीला हाक तर मारायची असती. मग एक नोंदवही लागती. नाव सांगा, पत्ता घ्या. ती नोंदवही माझ्याकडं.’’

‘‘म्हणजे तू तलाठी.’’

‘‘तलाठी मेलेल्या माणसाचं नाव दहा वर्षं तसंच ठेवतो. मला अर्ध्या मिनटांत काढाय लागतंय. म्हणून दर दहा सेकंदाला सगळ्यांना विचारायचं, हायस का? उत्तर आलं तर ठेवायचं. लागोपाठ तीनदा आलं न्हाई, तर नाव खाली. एकदा चुकलं म्हणून काढायचं न्हाई. एखादी कामात गुंतलेली असती.’’

ही तीनची गोष्ट मला फार आवडली. मोजणीत अशी शिस्त आमच्या खात्यात कुणी शिकवली नाही.

‘‘पर खरी भानगड येगळी हाय,’’ तो पुढं म्हणाला. ‘‘काही सेवा आतून मेलेल्या असतात, तरी विचारलं की ठीक म्हणतात. दारावर बसवलेला माणूसच ठीक म्हणतो, आत कोण बघतो? मग लोक तिच्याकडं जातात आणि अडकतात. म्हणून प्रश्न असा विचारायचा, की आतलं काम केल्याबिगर उत्तरच देता येऊ नये.’’

‘‘म्हणून तू आराम म्हणत नाहीस?’’

‘‘कामून म्हणू? तुमी विचारायलाव, म्या बघून सांगायलो.’’

वैजनाथच्या घरात त्याचे वडील आहेत, अप्पा. वय ऐंशीच्या पुढं. आयुष्य भालकीत गेलं, बाजारात वजनकाट्यावर. दीड वर्षापूर्वी वैजनाथची आई गेली आणि त्यानं अप्पांना इथं आणलं. अप्पा तब्येतीनं खणखणीत, बोलायला गोड, पण डोक्यातले धागे सुटत चाललेले. मधूनच त्यांना वाटतं आपण भालकीला परत जायचंय. दोनदा ते नौबादच्या थांब्यावर सापडले. तिसऱ्यांदा चुकीच्या बसमध्ये बसून हुमनाबादला उतरले. हमरस्त्याच्या कडेला, लॉऱ्यांच्या रांगेत, एका ढाबेवाल्यानं त्यांना खुर्ची दिली म्हणून ते राहिले. त्या दिवसापासून वैजनाथला एकच भीती होती. एक दिवस अप्पा निघतील आणि कुठंच पोचणार नाहीत.

दुसरा शनिवार होता. मला सुट्टी होती, वैजनाथच्या बायकोची शाळा होती, आणि वैजनाथचं त्या दिवशी मोठं काम होतं. चाळीसेक सेवा नव्या पत्त्यावर हलवायच्या होत्या. सगळ्यांचे पत्ते बदलायचे, विचारपुशीचे प्रश्नही बदलायचे. खुर्चीवरून उठता येणार नव्हतं. सकाळी तो भिंतीवरून वाकला.

‘‘अण्णा, दहापासून दोनपर्यंत अप्पांवर जरा नजर ठेवा. पाव-पाव तासाला विचारा. पर आराम म्हणू नका. जेवायला काय होतं विचारा, आज वार कोणता विचारा. उत्तर अडखळलं की मला हाक मारा.’’

मी होकार दिला. चौकटीची वही काढली. उभ्या रेघा, आडव्या रेघा, वेळेचा रकाना, उत्तराचा रकाना, शेऱ्याचा रकाना. शेऱ्यासाठी लाल पेन वेगळं ठेवलं.

दहा वाजता मी भिंतीशी गेलो. अप्पा ओसरीवर बसले होते, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. ऐंशीच्या पुढच्या माणसाला ‘आज वार कोणता’ विचारायचं? माझी जीभ रेटेना. शाळेतल्या पोराला विचारल्यासारखं वाटलं.

‘‘अप्पा, आराम?’’ मी म्हणालो.

‘‘आराम,’’ अप्पा म्हणाले.

बरोबरची खूण केली.

सव्वादहा. आराम? आराम. साडेदहा. आराम? आराम. मला कामात लय सापडली. खुणा एकाखाली एक अशा सुरेख उतरत होत्या, की मी बायकोला आणून दाखवल्या. ती म्हणाली, ‘‘ह्या सगळ्या एकसारख्याच हायत की.’’ मी म्हणालो, चांगल्या आकडेवारीत तसंच असतं.

साडेबाराला मी गेलो तेव्हा अप्पा फाटकाशी होते. पायात चपला, हातात कापडी पिशवी.

‘‘अप्पा, आराम?’’

‘‘आराम,’’ अप्पा म्हणाले, आणि फाटकाच्या कडीशी झटापट करू लागले. ती कडी पावसानं गंजून घट्ट झालीय. मी भिंतीला वळसा घालून गेलो आणि कडी काढून दिली. म्हाताऱ्या माणसाला त्रास कशाला? मग आत येऊन अकरावी खूण केली.

पाऊण वाजता ओसरी रिकामी होती. मी हाक मारली. उत्तर आलं नाही. लाल पेनानं फुली मारली. आणि इथं वैजनाथची तीनची शिस्त कामी आली. एकदा उत्तर आलं नाही म्हणून नाव काढायचं नसतं. असतील संडासात. एक वाजता दुसरी फुली. सव्वाला तिसरी. तीन फुल्या नियमानुसार पूर्ण झाल्यावर मी वही घेऊन वैजनाथच्या खोलीत गेलो.

‘‘वैजनाथ, अप्पा उत्तर देत नाहीत. तीन वेळा.’’

त्यानं खुर्ची माझ्याकडं फिरवली. ‘‘शेवटी कधी दिसले?’’

‘‘साडेबाराला. फाटकापाशी. आराम म्हणाले.’’

‘‘फाटक बंद होतं की.’’

‘‘कडी मी काढून दिली.’’

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं वहीवरच्या अकरा खुणा वरून खाली वाचल्या, फोन उचलला आणि कुणालातरी म्हणाला, ‘‘पत्ते होते तसे परत फिरवा. म्या चाललो. न्हाई, सांगता येत न्हाई किती वेळ.’’ दुसरा फोन भालकीला लावला. ‘‘अक्का, अप्पा तिकडं आले का? ... बरं. ध्यान ठेव.’’

नव्हते आले.

मोटारसायकलवर मी मागं बसलो. समोरून येणारी बस, पुढं चाललेली बस, प्रत्येकीच्या खिडक्यांशी तो गाडी नेत होता. मीही पांढऱ्या टोप्या शोधत होतो. इतक्या टोप्या असतात हे मला माहीत नव्हतं, आणि एकही मोजली नाही.

‘‘वार विचारला असता तर कळलं असतं,’’ मी त्याच्या पाठीला म्हणालो.

‘‘व्हय,’’ तो म्हणाला. तो खोटं बोलत नाही.

भालकीत बाजारामागच्या गल्लीत गाडी थांबली. दारात एक म्हातारी उभी होती. फोनवरची अक्का ती हीच, अप्पांची जुनी शेजारीण; तिला सगळे महादेवीअक्का म्हणतात, हे मला नंतर कळलं. तिनं वैजनाथला बघून नुसती मान हलवली. ‘‘आत्ताच आलाय. पाय दुखायलेत म्हणतो. म्या दार उघडून दिलंय.’’

वैजनाथनं गाडीची किल्ली तशीच सोडली आणि आत गेला.

अप्पांची जुनी भाड्याची खोली. ती कधीच सोडली असणार, अशी माझी समजूत होती. पण आत खाट होती, खाटेवर धुतलेली चादर होती. माठ भरलेला होता, त्यावर पेला पालथा. भिंतीवर कॅलेंडर होतं, या वर्षाचं, पान या महिन्याचं. अप्पा खाटेवर बसून चहा पीत होते.

‘‘दर ऐतवारी येतो की हा वैजनाथ,’’ अक्का माझ्याशी हळूच बोलली. ‘‘झाडतो, माठ भरतो, किल्ली माझ्याकडं ठेवून जातो.’’ रविवारी सकाळी तो भाजी आणायला जातो, असं मला वाटत होतं. रिकामी पिशवी घेऊन परत येताना मी त्याला कितीदा बघितलं होतं.

‘‘अरे, ही खोली अजून...’’ मी म्हणालो.

‘‘पत्ता बदलला तरी जुनं लगेच बंद करत न्हाईत, अण्णा,’’ तो चपला काढत म्हणाला. ‘‘एखाद्याला तेवढाच ठावा असतो. त्यानं यावं आणि दाराला कुलूप बघावं का?’’

तो अप्पांच्या शेजारी खाटेवर बसला. अप्पांनी त्याला ओळखलं, जागा करून दिली.

‘‘दुपार कलली,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तुझी आई कुठं गेलीय रे?’’

मी खाली बघितलं. वैजनाथनं डोळे मिटले नाहीत, थांबला नाही.

‘‘बाजारला गेलीय, अप्पा. आज गर्दी हाय. येईल की.’’

‘‘मग जेवून घ्यावं का थांबावं?’’

‘‘थांबू थोडं.’’

अप्पांनी माझ्याकडं बघून खाटेवर हात थोपटला. मीही बसलो. अक्कानं आणखी दोन कप चहा आणून दिला, आणि आम्ही तिघं उघड्या दाराकडं तोंड करून वाट बघत राहिलो.