आबाकाकांची दस्ती

विमानाच्या दारातून आत शिरताना पुढच्या चौघांच्या डोक्यावरून दस्ती फेकून जागा धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा काका निघाला.

दस्ती म्हणजे रुमाल. पण खिशातला, घडी घातलेला, नाजूक वगैरे नाही. आबाकाकांची दस्ती हातभर लांब-रुंद, पांढरी, लाल काठाची. ती त्या दिवशी गिरक्या घेत गेली आणि विमानाच्या पुढच्या भागात, जिथं पलंगासारख्या खुर्च्या असतात, तिथं एका गोऱ्या गृहस्थाच्या मांडीवर उतरली.

"काका, आपले नंबर पासवर लिहिलेत," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"लिहिलेलं असतंय रे बाळ्या. बसलेला माणूस लिहिलेलं दाखवून उठतो का?"

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. शाळेत भूगोल शिकवतो. पोरं मला सर म्हणतात. काकांसाठी मी बाळ्याच. आणि सेंट्रल बसस्टँडवरून ज्यानं कधी देवगाव रंगारीची गाडी पकडली आहे, त्याला काकांचं म्हणणं पटल्याशिवाय राहत नाही.

काकांचं सगळं तत्त्वज्ञान त्या बसस्टँडवर घडलं. घरात ते थोरले. गाडी फलाटाला लागायच्या आत पळत जायचं, खिडकीतून दस्ती आत टाकायची, मग सावकाश आजीला, आत्याला, माझ्या वडिलांना दारातून चढवायचं. सगळे टेकले की काका मागून चढायचे आणि दांडा धरून कंडक्टरशी गप्पा मारत देवगाव गाठायचे. पुढं शहरात गुलमंडीच्या बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात लागले. तिथंही काम तेच. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला "आव जी, आव, पंखे के नीचे बैठो" म्हणत गादीवर बसवायचं आणि समोर उभं राहून लुगड्यांचे ढीग उलगडायचे. एकदा बसलेलं गिऱ्हाईक काही घेतल्याशिवाय उठत नाही, असं त्यांचं म्हणणं. मालकाचंही.

सिल्लोडला एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या मामांना पंगतीतून उठवलं होतं, कारण त्या पाटावर दस्ती होती आणि दस्ती माझ्या बायकोची, म्हणजे सुनंदाची होती. म्हणजे काकांची, पण सुनंदासाठी टाकलेली. मामा फुगले. आम्ही मान खाली घालून जिलबी खाल्ली. काका आमच्या मागं उभे राहून वाढप्याला ओरडत होते, "अरे, इकडं भजे आण! सून बसलीय आमची!"

"आधी बूड टेकायची सोय बघा, मग दुनिया बघा." हे त्यांचं वाक्य. लग्न, मयत, शाळेचं गॅदरिंग, दवाखाना, कुठंही लागू.

तर अशा माणसाला त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, मंजूनं, फ्लोरिडाहून फोन केला. "बाबा, मी क्रूझ बुक केलीय. तुम्ही, आई, दादा, वहिनी, सगळ्यांनी यायचं. कॅरिबियन!" दादा-वहिनी म्हणजे मी आणि सुनंदा.

कॅरिबियन म्हटल्यावर भूगोलाच्या मास्तरांना, म्हणजे मला, आधी क्रिकेटची टीम आठवली. ते समुद्राचं नाव आहे हे नंतर. आमच्याकडं समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. काठावर उभं राहून भुट्टा खायचा आणि परत यायचं.

जहाज एका बेटावर दिवसभर थांबणार होतं. तिथं उतरून काय करायचं, कुठल्या किनाऱ्यावर जायचं, हे आधी ठरवावं लागतं. मंजूनं यादी पाठवली आणि प्रेमानं लिहिलं, 'बाबा ठरवतील तसं.' हे वाक्य तिनं पुन्हा कधी लिहिलं नाही.

काकांनी काम मनावर घेतलं. कारण त्यांच्या दृष्टीनं सगळ्या प्रवासात हाच एक दिवस खरा होता. मंजू अमेरिकेत गेल्यापासून दोनदा आली. एकदा नणंदेच्या लग्नाला, एकदा नवऱ्याच्या कसल्या कामाला. बॅगा उघडल्या, बॅगा भरल्या. "पोरगी घरात आली, पण बसली नाय," काका म्हणायचे. काकूचे गुडघे गेलेले, तिला मंजूच्या मागं पळणं जमायचं नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, लेक समोरून गेली की तेवढीच बघायची.

"जहाजावर हजार भानगडी असतील," काका मला म्हणाले. "पोरं पाण्यात, जावई कुठं, मंजी फोनवर. पर त्या बेटावर एक दिवस मला मंजीला तिच्या आईशेजारी बसवायचंय. सगळे एका ओळीत. बास."

त्यानंतर मी रोज संध्याकाळी त्यांच्या गुलमंडीमागच्या दोन खोल्यांत जाऊन यादी वाचू लागलो.

"डॉल्फिनबरोबर पोहणं," मी वाचलं.

"तो मासा आपल्याला ओळखतो का?"

"नाही."

"मग उगं कशाला त्याच्या गळ्यात पडायचं? पुढं."

"दोरीला लटकून या टेकडीवरून त्या टेकडीवर."

"तुझी काकू?"

काकू आतून ओरडली, "मला नाय लटकायचं!"

"पुढं."

"काचेच्या तळाची बोट. खालचे मासे बसल्या जागी दिसतात." हे काकांना पसंत पडेलसं मला वाटलं. बसायची सोय होती. काकांनी फोटो मागितला, चष्मा पुसून पाहिला. बोटीत मधोमध बाक होते, पाठीला पाठ लावलेले.

"पाठीला पाठ लावून बसायला आपण भांडलोय व्हय?"

रमच्या कारखान्याची सहलही होती. ती मी चोरून वगळली, पण काकूनं मोबाईलमध्ये पाहिली. "नुसतं बघायला काय जातंय?" ती म्हणाली. काकांनी तिच्याकडं असं पाहिलं, की जणू संसाराची चाळीस-पन्नास वर्षं नव्यानं तपासत असावेत.

शेवटी राहिले किनारे. पण आता मंजूची परीक्षा सुरू झाली. ती निळ्याशार पाण्याचे, मऊ वाळूचे, सूर्यास्ताचे फोटो पाठवायची. काका अंगठ्यानं ते सरकवायचे. "मंजे, समुद्राचे नको पाठवू. खुर्च्यांचे पाठव."

"बाबा, लोक समुद्र बघून बीच ठरवतात!"

"समुद्र काय पळून चाललाय? खुर्च्या संपतेत."

एका किनाऱ्यावर घसरगुंड्या होत्या. बाद, पोरं हाताला लागणार नाहीत. एकावर खुर्च्या जोडीजोडीनं, मध्ये छत्री. बाद, ओळ तुटते. एका ठिकाणी छत्रीला वेगळं भाडं होतं. काकांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "सावली भाड्यानं?" मग म्हणाले. "आपल्या गावात लिंबाला हे कळलं नाय पाहिजे."

तिसऱ्या आठवड्यात मंजूनं एक साधा किनारा शोधला. नारळाची झाडं, त्यांच्याखाली लाकडी आरामखुर्च्यांची सलग रांग, मुतारी जवळ, बंदर टॅक्सीनं थोडक्यात. काकांनी त्याच संध्याकाळी जमिनीवर पेपर पसरला आणि त्यावर शेंगदाणे मांडले.

"ही मधी मंजी. हिच्या डाव्या अंगाला तुझी काकू. उजवीकडं दोन्ही पोरं. त्यांच्या पल्याड जावई, म्हंजे पोरं पळाली तर धरंल. इकडं सुनंदा, तिच्या कडंला तू."

एका ओळीत सात शेंगदाणे. मी पाहत होतो आणि हात सवयीनं पुढं गेला.

काकांनी मान वर केली. "जावई खाल्ला ना तू?"

मी दुसरा जावई ठेवला.

प्रवासाचं जास्त सांगत नाही. जहाज एवढं मोठं, की पहिल्या दिवशी मी आमची खोली शोधत दोनदा त्याच नाचगाण्याच्या हॉलमध्ये पोहोचलो आणि तिसऱ्यांदा तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी भाकीत केलं होतं तसंच झालं. पोरं घसरगुंडीवर, जावई निलेश त्यांच्या मागं, मंजूचं ऑफिस तिच्या फोनमध्ये बसून बरोबर आलेलं. जेवायच्या टेबलावर काकांनी पहिल्याच दिवशी दस्त्या टाकल्या, तर तिथं प्रत्येकाची भूक वेगळ्या वेळेची.

"असू दे," काका म्हणाले. "बेट येऊ दे."

बेट आलं. नाव सांगत नाही, कारण त्याचा उच्चार मला अजून जमत नाही आणि माझे विद्यार्थी हे वाचतात. काका उतरणाऱ्यांत पहिले. बरोबर मी, नकाशा वाचायला. बाकीच्यांनी नाश्ता करून मागून यायचं ठरलं. टॅक्सीत मी नकाशा उलटा धरला होता, हे टॅक्सीवाल्यानंच सांगितलं.

पण खुर्च्या फोटोतल्यासारख्याच होत्या. काकांनी पिशवीतून दस्त्या काढल्या, सगळ्या गुलमंडीच्या, धुऊन इस्त्री केलेल्या. एकेका खुर्चीवर एकेक पसरली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर शिंपला ठेवला. मग पाण्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

थोड्या वेळानं मंजूचा फोन आला. बंदरातच डॉल्फिनवाल्यांचं दुकान होतं, पोरांनी तिथं भोकाड पसरलं, निलेश त्यांना घेऊन गेला. काकू आणि सुनंदा बाजारात घुसल्यात. आणि तिची स्वतःची एक मीटिंग. "दादा, येतो आम्ही. बाबांना सांग ना."

मी सांगितलं.

"येतील," काका म्हणाले आणि एक दस्ती, जी सरळच होती, ती सरळ केली.

तेवढ्यात आणखी एक जहाज लागलं असावं. माणसांचा लोंढाच आला. त्या किनाऱ्याची व्यवस्था पाहणारी एक धिप्पाड बाई होती, डोक्यावर विणलेली मोठी टोपी. ती आमच्याकडं आली आणि इंग्रजीत म्हणाली, की माणूस नसलेली खुर्ची धरून ठेवता येत नाही. मी भाषांतर केलं.

"तिला सांग, आ रहे, आ रहे. पीछेच हैं."

बाईनं मागं पाहिलं. मागं फक्त नारळ होते.

एक उन्हानं लाल पडलेलं जोडपं थेट मंजूच्या खुर्चीकडं आलं. मला वाटलं, आता भांडण. पण काकांच्या अंगात गुलमंडी संचारली. त्यांनी हात जोडले, मान तिरकी केली आणि "आव जी, आव! धूप में कायको? इधर बैठो, हवा है!" म्हणत त्यांना पार दुसऱ्या टोकाच्या खुर्च्यांवर नेऊन बसवलं. जोडपं खूश. त्यांच्या मागून चार म्हाताऱ्या आल्या. त्यांना झाडाखाली. एक मोठं कुटुंब आलं. काकांनी दोन खुर्च्या इकडच्या तिकडं करून त्यांची अखंड ओळ लावली. मराठी, दखनी आणि हातवारे. तासाभरात अर्धा किनारा काकांनी बसवलेला होता. टोपीवाली बाई आधी कमरेवर हात ठेवून पाहत होती, मग हसायला लागली आणि शेवटी शहाळं फोडून तिनं काकांच्या हातात दिलं. आमच्या खुर्च्यांबद्दल पुन्हा बोलली नाही. उलट एकानं दस्तीला हात लावला तर तीच ओरडली.

पण खुर्च्या रिकाम्याच होत्या. काका लोकांना बसवून आले की रस्त्याकडं बघायचे. शहाळं तसंच हातात.

"काका, बसा ना जरा," मी माझ्या खुर्चीतून म्हणालो. हो, मी बसलो होतो. माझ्यासाठी दस्ती टाकलेली होती.

"बसलो तर टॅक्सीतून दिसायचो नाय त्यांना. उभं असलेलं बरं."

दुपार कलायला लागली तेव्हा काकू दिसली. सुनंदाचा हात धरून, वाळूत एकेक पाऊल टाकत. काका धावले. तिला टेकवलं, पायाखाली पिशवी दिली. मग ओली पोरं आली, मागं दमलेला निलेश. "जावईबापू, कडंला, कडंला." शेवटी मंजू. फोन कानाला.

काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. नुसता खुर्चीकडं हात केला, दुकानात गादीकडं करायचे तसा.

मंजूनं फोनवर काहीतरी सांगितलं, तो बंद केला आणि बसली. काकूनं तिचा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि गच्च धरला. सगळं पेपरवरच्यासारखं होतं. डावीकडं काकू, उजवीकडं पोरं. काका दोन पावलं मागं सरले आणि पिकलेल्या रानाकडं बघावं तसं आमच्याकडं बघत राहिले.

"बाबा, तुमची खुर्ची कुठंय?" मंजू म्हणाली.

"मला काय, मी उभाच बरा. काय लागलं-सवरलं तर..."

मी ओळीवरून नजर फिरवली. सात खुर्च्या. सात शेंगदाणे. महिनाभर मी तो पेपर पाहत होतो, एक तर खाल्लाही होता, आणि भूगोलवाला असलो तरी मोजता मला येतं.

तेवढ्यात पलीकडच्या ओळीत एक माणूस टॉवेल उचलून उठला. दोन तरुण पोरं त्या खुर्चीकडं निघालीच होती. मंजूनं पाहिलं. आपल्या पाठीखालची दस्ती ओढली, चुरगाळून गोळा केला आणि बसल्या जागेवरून, निलेशच्या डोक्यावरून, फेकली. दस्ती हवेत उलगडली आणि त्या खुर्चीच्या बरोबर मधोमध पडली.

"धरली!" मंजू ओरडली. "बाबा, धरली! दादा, पळ!"

मी पळालो. त्रेपन्नाव्या वर्षी वाळूत पळणं कसं दिसतं ते सुनंदा अजून लोकांना करून दाखवते. खुर्ची ओढत आणली आणि मंजू आणि काकूच्या मध्ये घातली. काकूनं लेकीचा हात सोडला नाही, तो खुर्चीवरून आडवा तसाच राहिला.

काका खुर्चीकडं बघत राहिले. त्यांनी आधी तिच्यावरची दस्ती झटकली, नीट पसरली, आणि मग आणखी कुणी यायचं आहे का, म्हणून रस्त्याकडं पाहिलं.

"अहो, आता टेका की!" काकू म्हणाली.

ते टेकले. कडेला, अंग चोरून, नवं गिऱ्हाईक बसतं तसे. मंजूनं खांद्याला धरून त्यांना मागं रेलवलं. शहाळं हातातून काढून घेतलं, नळी लावून परत दिलं. दोन घोट घेतल्यावर त्यांचे खांदे सैल झाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं तोंड रस्त्याच्या उलट बाजूला होतं.

त्यांनी समोर समुद्राकडं पाहिलं.

"मंजे," ते हळूच म्हणाले, "लई पाणी हाय की गं हे."