नाव घ्या, बाबू!

"बाई कुठी हाय तुमची?" खोली दाखवण्याआधी गुणाबाईंनी एवढंच विचारलं, आणि वामन पानसे यांच्या तोंडून निघून गेलं, "माहेरी."

खोटं बोलायचा त्यांना सराव नव्हता, पण इलाजही नव्हता. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, आणि त्या धांदलीत कोकणातले पानसे उचलले जाऊन वडशापलीकडच्या या जंगलातल्या लाकूड डेपोत कारकून म्हणून येऊन पडले होते. सड्या माणसाला गावात खोली देत नाहीत हे त्यांना आधीच कळलं होतं. खोली नाही मिळाली तर डेपोतल्या झोपडीत सागाच्या ओंडक्यांशी गप्पा मारत राहावं लागणार होतं.

माहेरी गेलेली ती बाई हळूहळू अंगवळणी पडली. तशी ती कॉलेजपासूनच पानसेबाबूंच्या कवितांत राहत होती. कवितेत तिला ते 'सखे' म्हणत. तिला डोळे होते, केस होते, निःश्वास तर भरपूर होते, फक्त नाव नव्हतं. नाव दिलं असतं तर ती कुणाची तरी मुलगी झाली असती, आणि मग तिच्या बापाकडे जावं लागलं असतं. एवढं धाडस बाबूंच्यात नव्हतं. रोज संध्याकाळी ते ओसरीवर बसून तिला मोठ्याने कविता म्हणून दाखवत, कारण दुसरं ऐकणारं कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली आणि घोटाळा झाला. दंडारीच्या खेळात नाचगाणी करणाऱ्या लटारूचा घसा ऐन वेळी बसला. जमलेली माणसं उठू लागली तसे नानाजी पुढे आले. गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

"बाबू, तुमी गाने जोडता मनते. मना एखांदं!"

बाबू उभे राहिले आणि म्हणाले,

"सखे, तुझ्यावाचून माझी सांज रिकामी जाई,
दारी लावितो दिवा, तरी घरात कोणी नाही."

उठलेली माणसं पुन्हा खाली बसली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बाबूंना आयुष्यात पहिल्यांदा श्रोते मिळाले होते, त्यामुळे त्यांनी आणखी चार कडवी म्हटली. तिथेच चुकलं.

"बाई रुसून गेली हाय," नानाजींनी निकाल दिला. "मानूस सुकून राह्यला आन आपुन पाहून राह्यलो! मी जातो बाबूसंग. आनू तिले."

"फार लांब आहे हो," बाबू म्हणाले. "पार समुद्रापाशी."

"असू द्या. तलाव तं आमच्या इथी बी हाय. करमन तिले!"

दोन दिवसांत सगळं ठरलं. वडशापर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी. कुणी चोळीचं कापड दिलं, कुणी सुकी मासळी. निघण्याच्या आदल्या दिवशी नानाजींकडे जेवण होतं. बाबू पाटावर बसणार, तोच नानाजींच्या बायकोने, भागीरथाबाईंनी, वाट अडवली.

"नाव घ्या, बाबू! मंग जेवा."

"राहू द्या हो."

"लाजून राह्यले! येवढे गाने मनता तिचे, येक नाव नाई घेत?"

आता नाव सांगितलं नाही तर अब्रू आजच जाणार, सांगितलं तर उद्या गाडी जुंपल्यावर परवा. उखाणा जुळवायला त्यांना वेळ लागला नाही. डोळे मिटून ते म्हणाले, "वडशाच्या बाजारात तांदळाच्या राशी…" आणि अडले. घाबरून डोळे उघडले तर समोर भाताचं भांडं घेऊन घरमालकीण उभी. "…गुणाबाईचं नाव घेतो नानाजींच्या दाराशी!"

नानाजींची मिशी हलायची थांबली. साठी उलटलेल्या, तीन नातवांच्या विधवा आजीचं नाव बाबूंनी भर पंगतीत घेतलं होतं.

"असं पाहून काऊन राह्यले?" गुणाबाई कडाडल्या. "त्याहीच्या बाईचं बी नाव गुनाच हाय. मनून तं सांगत नव्हते बिचारे, माह्यासमोर कसं घेतीन?"

पंगत खदखदून हसली. बाबू भात न चावता गिळत राहिले.

दिवेलागणीला ते वळकटी बांधत होते तेव्हा गुणाबाई दारात आल्या.

"हे काय करून राह्यले?"

"खोली सोडतो. मला बायको नाही, गुणाबाई. कधी नव्हतीच."

"मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"पयल्याच महिन्यापासून. ज्याची बायको माहेरी जाते, तो मानूस खुशीत रायते. तुमी तं आल्या दिसापासून रडून राह्यले."

"मग आज मला वाचवलंत कशाला?"

गुणाबाई उंबऱ्यावर बसल्या. "माह्या मालकानं जिंदगीत मले नावानं हाक नाई मारली. 'अवं' मनत. मरतानी बी 'अवं, पानी दे' मनलं. पोरं दूर गेले, आता 'अवं' बी कोनी मनत नाई. तुमच्या सखीले बी नाव नाई. सांजच्याले मी भिंतीआड बसून आयकतो. वाटते, मलेच कोनी बोलून राह्यलं." मग त्या पदराआड हसल्या. "आन आज तं चारचौघात नाव बी घेतलं माहं!"

बाबू वळकटीवरच टेकले.

"पण उद्याची गाडी?"

"नानाजीले सांगतलं, धान घरात येऊ द्या. मंग चुरनं-मळनी, मंग बैलांच्या शर्यतीचा पट. सवड कोनाले हाय इथी! सोडा थे वळकटी. आन जरा जोरानं मनत जा, डाव्या कानानं कमी आयकू येते."

त्या संध्याकाळी बाबूंनी ओसरीवर दिवा लावला आणि घसा साफ करून जोराने म्हटलं, "दारी लावितो दिवा, तरी घरात कोणी नाही…"

"हाय ना!" भिंतीपलीकडून आवाज आला.