पुंजारामचा मुतखडा

पुंजारामच्या ऑपरेशनला दहा दिवस झाले होते आणि त्याचा मुतखडा निघाल्याची बातमी आष्टीभर झाली होती. ती त्यानेच पसरवली होती. खरं दुखणं दोन वर्षं जुनं फिशर, म्हणजे बसायच्या जागेची चीर. पण ते चारचौघांत सांगायचं कसं? मुतखडा कसा इभ्रतीचा. त्याबद्दल माणूस पारावर बसून बोलू शकतो.

जालन्याच्या डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं, "आतला स्नायू जरासा कापून सैल करतो, मग चीर भरते. पण थोड्या लोकांचा वाऱ्यावरचा ताबा कमी होतो, क्वचित संडासवरचाही. बहुतेकांचा काही आठवड्यांत परत येतो. सगळ्यांचाच येतो असं मी लिहून देणार नाही." पुंजारामने सही केली. दोन वर्षं रोज सकाळी तोंडात उपरणं कोंबून बसणाऱ्याला दुसरं काय सुचणार? आता चीर भरत आली होती, पण ताबा अधूनमधून रजेवर जाऊ लागला. पुंजारामने माणसांत जाणंच सोडलं. असंच राहिलं तर लेकीच्या मांडवात बसायचं कसं, या विचाराने तो खरोखर भ्याला होता.

माणसांत न जाणं त्याच्या हातात होतं, पण माणसं यायची ती येतच. मुतखड्याचं ऐकून शेजारच्या झुंबरबाई रोज हुलग्याचं कढण घेऊन येत. मुतखड्यावर हुलग्यासारखं औषध नाही, आणि पोटात वारा धरायला हुलग्यासारखं कडधान्य नाही.

"पी रे पुंजा, समदं पी. पुना खडा धरायचा न्हाई."

"मावशी, आज नको."

"नको कसं? तू पिल्याबिगर मी उठत न्हाई."

शुक्रवारी त्याचा दुसरा पेला संपतो न संपतो तोच दारात जीप थांबली. शहागडचे काकासाहेब समाचाराला आले होते. त्यांच्या मुलासाठी पुंजारामच्या लेकीला, शालूला, पसंत केलं होतं, सुपारी तेवढी फुटायची होती.

"आता काय करू?" पुंजाराम बायकोच्या कानात कुजबुजला.

"गप बसा," दुर्गाबाई म्हणाली. "हसू नका, अन् खोकू तर बिलकुल नका."

काकासाहेब खुर्चीच्या कडेला बेताने टेकले. झुंबरबाईंनी तिसरा पेला भरला. पाहुण्यांदेखत नाही म्हणता येईना. पुंजारामने तो घाईघाईने तोंडाला लावला, ठसका लागला आणि व्हायचं ते झालं. चांगलं लांबलचक झालं.

झुंबरबाई पातेलं उचलून घरी गेल्या. दुर्गाबाई चहाच्या निमित्ताने आत गेली. लेकीची सोयरीक आपण बसल्या जागी मोडली, असं वाटून पुंजारामच्या डोळ्यांत पाणी आलं. काकासाहेबांनी आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

"मुतखड्यानं असं होत न्हाई, पाव्हणं," ते हळूच म्हणाले. "फिशर व्हतं ना?"

पुंजारामने होकाराची मान हलवली.

"मलाबी तीन वर्षं झाली. डॉक्टर कापा म्हणतेत. मी ह्याच्याच भ्यानं पळून राह्यलो. घरी मणक्यात गॅप हाय म्हणून सांगितलंय." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "खरं सांगा, करू का नको?"

पुंजाराम विचारात पडला. करा म्हणावं तर उद्याचा बोल आपल्यावर, आणि नको म्हणावं तर हा माणूस असाच कडेला टेकून जन्म काढणार. होणाऱ्या व्याह्याशी खोटं बोलवेना.

"सकाळचं रडणं बंद झालं," तो म्हणाला. "बाकीचं तुमी आत्ता ऐकलंच. डॉक्टर म्हणतेत जाईल. माझं जाईल का न्हाई, मला ठाव न्हाई."

एवढं बोलल्यावर त्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. काकासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी डॉक्टरांचा नंबर लिहून घेतला आणि कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

"सुपारी आजच फोडू," ते म्हणाले. "लगीन तीन महिन्यांनी. तवर मीबी कापून घेतो. दोघांचा ताबा आला तर बराबर."

"अन् न्हाई आला तर?" पुंजारामने विचारलं.

दुर्गाबाईने दोघांपुढे चहा ठेवला.

"मंग बँड मोठा सांगू," ती म्हणाली.